पेत्र, तीन रेघा आणि मगनवाडीतला हिशेबनीस

एरवी मी इथे पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल लिहिते. विषय रसायनशास्त्र, काम प्रयोगशाळेतलं, त्यामुळे माणसांच्या मनाबद्दल बोलायचा माझा फारसा अधिकार नाही. पण गेल्या नाताळनंतर एक गोष्ट डोक्यात अडकून बसली आणि तिच्यामागे लागून मी माझ्या विषयाबाहेरचे बरेच शोधनिबंध वाचून काढले. ते वाचलेलं आज तुमच्यासमोर ठेवते आहे.

आधी ती गोष्ट. नाताळ होऊन दोन दिवस झाले होते आणि मी पुलगावहून नागपूरला परत निघाले होते. मांडीवर आईनं दिलेला स्टीलचा डबा. आत करंज्या, शंकरपाळे, चिवडा. आमच्याकडे नाताळला हेच होतं. केक फार नंतर आला, तोही बेकरीतून. शेजारच्या काकूंनी डब्याकडे बघून सहज विचारलं, "एवढा फराळ? दिवाळी तर कधीचीच झाली ना बाई!" मी म्हटलं, "असंच. आईनं दिलं." तिथपर्यंतही ठीक होतं. मग समोरच्या एका गृहस्थांनी मोबाईलवर काहीतरी बघता बघता विषय काढला: तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकणारे लोक. दोघांतिघांनी माना हलवल्या. काकूही हसल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. वर्धा गेलं, सेवाग्राम गेलं, मी काहीही बोलले नाही.

कुणी मला धमकी दिली नव्हती. राज्यघटनेचं २५ वं कलम शाबूत होतं. ते गृहस्थ वाईट होते असंही नाही, उतरताना त्यांनी माझी बॅग खाली काढून दिली. तरीही तोंड उघडलं नाही. मला त्रास झाला तो त्यांच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या 'असंच'चा.

चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही अशा वेळी पेत्र आठवतो. येशूला अटक झाली त्या रात्री महायाजकाच्या अंगणात शेकोटीजवळ बसलेला पेत्र. एक दासी विचारते, तूही त्याच्याबरोबर होतास ना? तो नाही म्हणतो. एकदा नाही, तीनदा. मत्तयाच्या शुभवर्तमानात एक बारकावा आहे: लोक त्याला त्याच्या गालीली बोलीवरून ओळखतात. माझी तर तीही पंचाईत नाही. गायकवाड, कांबळे, साळवे अशी आडनावं आमच्यात सर्रास आहेत. नावावरून, बोलण्यावरून काही कळत नाही. लपणं फार सोपं आहे, म्हणूनच ते सवयीचं होतं.

या गोष्टीवरचं नेहमीचं प्रवचन असं असतं: पेत्राचा विश्वास कमी पडला, आपण विश्वास वाढवावा. मला हे पटत नव्हतं. कारण त्याच संध्याकाळी पेत्र म्हणाला होता की मेलो तरी तुला नाकारणार नाही, आणि तो खोटं बोलत होता असं वाटत नाही. मग त्या चार-सहा तासांत बदललं काय? विश्वास तर तोच होता. बदलली ती जागा आणि आजूबाजूची माणसं.

तीन रेघा

इथे सॉलोमन ॲश यांचा प्रयोग कामी येतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यांनी कॉलेजच्या मुलांना एका खोलीत बसवलं आणि दोन कार्डं दाखवली. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी लांब आहे ते मोठ्यानं सांगायचं. प्रश्न इतका सोपा की एकट्यानं उत्तर देताना शंभरात एकही चूक होत नाही. गंमत अशी की खोलीतले बाकी सगळे ॲश यांचेच लोक होते. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत ते सगळे एकमतानं चुकीचं उत्तर देत. खरा विद्यार्थी शेवटून बसलेला, त्याची पाळी येईपर्यंत पाच-सहा जणांनी डोळ्यांदेखत चुकीचं सांगितलेलं.

१२३ विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात, त्या ठरावीक फेऱ्यांमधली सुमारे ३७ टक्के उत्तरं समूहाच्या चुकीच्या बाजूला गेली. हा आकडा तुम्ही कुठे तरी वाचला असेल. साधारण एक चतुर्थांश विद्यार्थी एकदाही हलले नाहीत, हे मात्र कमी सांगितलं जातं.

लक्षात घ्या, प्रश्न रेघांचा होता. धर्म नाही, देश नाही, नोकरी जायची भीती नाही. नंतर विचारल्यावर काहींनी सांगितलं की खरं उत्तर दिसत होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. रेल्वेच्या डब्यातली मी हुबेहूब तीच.

पण मला खरा धक्का दिला तो पुढच्या भागानं. ॲश यांनी समूहात एकच माणूस असा ठेवला जो बरोबर उत्तर देई. बस, एक. चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आधीच्या साधारण एक चतुर्थांशावर आलं. मग त्यांनी त्या साथीदाराला प्रयोगाच्या मध्येच फिरवलं, म्हणजे तो बहुमताला जाऊन मिळाला. विद्यार्थी पुन्हा पहिल्यासारखे ढासळले. दुसऱ्या एका प्रकारात साथीदार फिरला नाही, काम आहे म्हणून खोलीतून निघून गेला. तेव्हा मात्र त्याचा परिणाम बराचसा टिकून राहिला. साथीदार गेला तर चालतं. फिरला तर सगळं जातं.

आणि या साथीदाराचं उत्तर बरोबरच असायला हवं असंही नाही. तो बहुमतापेक्षाही जास्त चुकीचं उत्तर देत असला, तरी एकमत मोडल्यामुळे विद्यार्थ्याला स्वतःचं उत्तर द्यायला बळ येतं. म्हणजे शेजारचा माणूस माझ्याच मताचा असण्याची गरज नाही. त्यानं फक्त सगळ्यांच्या सुरात सूर मिसळता कामा नये.

तीस किलोमीटरवरचं उदाहरण

हे वाचताना मला जे. सी. कुमारप्पा आठवले. पुलगावहून वर्धा साधारण ३० किलोमीटर. तिथल्या मगनवाडीत मी शाळेच्या सहलीत गेले होते. मगन संग्रहालयात चरखे बघितले, घाणा बघितला, आणि बाहेर येऊन आईस्क्रीम खाल्लं. हा सगळा पसारा ज्यानं उभा केला तो माणूस ख्रिस्ती होता हे मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हतं. कुणी लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस, जन्म १८९२, तंजावर. घराणं तमिळ ख्रिस्ती. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचं शिक्षण, मग मुंबईत स्वतःचा व्यवसाय, पुढे अमेरिकेत सिरॅक्यूस आणि कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र. कोलंबियात सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास करताना त्यांना आकड्यांमधून दिसलं की हिंदुस्थानचं दारिद्र्य आणि ब्रिटिशांची करव्यवस्था यांचा थेट संबंध आहे. कॉर्नेलियस हे नाव मागे पडलं, कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव पुढे आलं. १९२९ च्या मे महिन्यात ते साबरमतीला गांधीजींना भेटले आणि तिथून त्यांचं आयुष्य वळलं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मुख्यालय वर्धा, आणि रोजचं काम ओढणारे कुमारप्पा. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले.

पण आपल्या विषयाचा प्रसंग त्याआधीचा, १९३० चा. मिठाचा सत्याग्रह चालू होता, निःशस्त्र लोकांच्या डोक्यात लाठ्या पडत होत्या. तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख, कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट, यांची भूमिका अशी की कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. कुमारप्पांनी जाहीरपणे त्यांच्याशी वाद घातला. त्यांचा मुद्दा थोडक्यात सांगायचा तर असा: येशूनं स्वतः अन्यायी नियम मोडले, आणि तुम्हाला चळवळीत यायचं नसेल तर नका येऊ, पण निःशस्त्र माणसांवर चाललेली मारहाण तरी ख्रिस्ताच्या नावानं निषेधार्ह म्हणा. मिशनऱ्यांनाही त्यांनी असंच आवाहन केलं.

त्यांची जागा किती अडचणीची होती बघा. राष्ट्रीय चळवळीतल्या अनेकांच्या नजरेत ख्रिस्ती म्हणजे साहेबाच्या बाजूचा. आणि चर्चच्या नजरेत गांधींबरोबर जाणारा ख्रिस्ती म्हणजे वाट चुकलेला. एका बाजूला गप्प बसणं सोपं होतं, दुसऱ्या बाजूला धर्म सोडून देणंही सोपं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. १९३१ च्या सुरुवातीला ते तुरुंगात गेले, गांधी-आयर्विन करारानंतर सुटले, पुन्हा गेले. १९४२ च्या चळवळीनंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर, जे आज पर्यावरणवाले शोधून वाचतात. दुसरं येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. एकाच कोठडीत एकाच माणसानं ही दोन पुस्तकं लिहिली, कारण त्याच्या लेखी ते दोन विषय नव्हतेच.

आता ॲश यांच्या चष्म्यातून बघा. कुमारप्पा एकटे होते का? नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ भारतन, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, तेही वर्ध्याला ग्रामोद्योग संघात होते. आणि सगळ्यात मोठा साथीदार होता तो ख्रिस्ती नसलेला. गांधीजींनी त्यांना धर्म सोडायला सांगितलं नाही, उलट येशूवरच्या पुस्तकाचं कौतुक केलं. वेगळ्या मताचा साथीदारही चालतो असं मी वर म्हटलं, ते हे.

याच काळात मध्य प्रांतातच आणखी एक ख्रिस्ती माणूस अशाच पेचात होता: व्हेरिअर एल्विन, इंग्रज पाद्री, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेला. गांधीजींकडे ओढा, म्हणून सरकारचा रोष. १९३२ मध्ये तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांच्याशी त्याचं बिनसलं आणि १९३५ मध्ये त्यानं चर्च सोडलं. कुमारप्पा टिकले आणि एल्विन हरला असं मी म्हणणार नाही. त्यानंही स्वतःला पटलं तेच केलं. त्याच्यासोबतही एक माणूस शेवटपर्यंत होता, शामराव हिवाळे, आपले मराठी ख्रिस्ती. त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

दीडशे व्होल्ट

ॲश यांचा समूह बरोबरीच्या लोकांचा होता. पण बिशपसमोर उभं राहणं वेगळं, तिथे अधिकार येतो. त्यासाठी दुसरा प्रयोग: स्टॅन्ली मिलग्राम, येल विद्यापीठ, १९६० च्या दशकाची सुरुवात. कोट घातलेला प्रयोगकर्ता सांगतो आणि तुम्ही पलीकडच्या खोलीतल्या माणसाला प्रत्येक चुकीला वाढता विजेचा झटका देता. झटके खोटे, पण तुम्हाला ते माहीत नाही. १९६३ मध्ये छापलेल्या पहिल्या अहवालात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, नैतिक बाजूनंही आणि पद्धतीच्या बाजूनंही, आणि ती रास्त आहे. पण मिलग्राम यांनी नंतर लिहिलेल्या पुस्तकात एका माणसाची नोंद आहे जी मला सोडवत नाही. तो बायबलचा जुना करार शिकवणारा प्राध्यापक होता. १५० व्होल्टला, पलीकडचा माणूस सोडा म्हणाल्याबरोबर, तो थांबला. नंतरच्या बोलण्यात त्याचं म्हणणं असं की ज्याच्या लेखी सर्वोच्च अधिकार देवाचा आहे, त्याला माणसाचा अधिकार क्षुल्लक वाटतो.

मिलग्राम यांचं त्यावरचं निरीक्षण नेमकं आहे: या माणसानं अधिकार नाकारला नाही, त्यानं एका अधिकाराच्या जागी दुसरा ठेवला. कुमारप्पांनी बिशपला हेच केलं. तुमच्यापेक्षा मी मोठा, असं ते म्हणाले नाहीत. तुम्ही ज्याचं नाव घेता त्यालाच विचारू, असं म्हणाले. (याच प्रयोगमालेत, शेजारी बसवलेले दोन जण नकार देऊन उठले तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. पुन्हा साथीदारच.)

आणि पेत्राचं पुढे काय झालं? काही आठवड्यांनी तो त्याच शहरात, त्याच महायाजकाच्या न्यायसभेपुढे उभा होता आणि माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे असं तोंडावर सांगत होता. प्रेषितांच्या कृत्यांत ही गोष्ट आहे. प्रवचनात याचं कारण पवित्र आत्मा असं सांगतात आणि श्रद्धेनं मी ते मानते. पण त्याच मजकुरात साधी माहितीही आहे: या वेळी इतर प्रेषित त्याच्याबरोबर होते. शेकोटीजवळ तो एकटा होता.

घाईतले पाद्री

इथपर्यंत सगळं छान जमतं, म्हणून एक टोचणारा अभ्यास सांगते. १९७३, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन, प्रिन्स्टनची धर्मशास्त्र शाळा. पाद्री व्हायला निघालेले ४० विद्यार्थी. त्यांना सांगितलं की पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं आहे. काहींचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत दाराशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला. कोण थांबतो?

ज्यांना पुष्कळ वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. बेताचा वेळ असलेल्यांतले ४५ टक्के. उशीर झालाय, पळा, असं सांगितलेल्यांतले १० टक्के. डोक्यात तो दाखला घोळत होता की नाही यानं ठळक फरक पडला नाही. एकूण ४० पैकी १६ थांबले. नमुना छोटा आहे, माझ्या गाइडनं असा आलेख परत पाठवला असता. घाईच्या गटात दहाच जण होते, म्हणजे ते १० टक्के म्हणजे एक माणूस. तरी दिशा स्पष्ट आहे. श्रद्धा मनात असून भागत नाही, त्या क्षणी तिला बाहेर यायला जागा लागते. घाई असली की तोंडातून 'असंच' निघतं.

मग तयारी आधीच करायची. पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय. 'मी धीट होईन' असा संकल्प फारसा उपयोगी पडत नाही. 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं आधी ठरवलेलं जास्त उपयोगी पडतं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, परिणाम मध्यम ते मोठा निघाला. हे अभ्यास बहुतेक व्यायाम, औषधं, अभ्यास अशा गोष्टींवरचे आहेत, श्रद्धेवरचे नाहीत, तेव्हा ताणून बघताय हे लक्षात ठेवा. पण दानिएलाच्या पुस्तकाची सुरुवात आठवा. राजाच्या पंक्तीचं जेवण नको, हे त्यानं ताट पुढे यायच्या आधीच मनाशी ठरवलेलं असतं. सिंहांची गुहा नंतरची.

कुमारप्पांच्या बाबतीतही गांधीवादी मंडळींत वारंवार सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्यांच्या जेवणाला रोजचे तीन आणे ठरलेले. गांधीजी आपल्या मंडळींसह आले तेव्हा कुमारप्पांनी महादेवभाईंना कळवलं की या पाहुण्यांचा खर्च निधीतून होणार नाही, सोय वेगळी करा. गांधीजींनी त्यांचीच बाजू घेतली म्हणतात. यात ख्रिस्ताचं नाव कुठेही नाही. पण आधी ठरलेला नियम समोर कोण आहे हे बघून न बदलणारा माणूस हाच होता. समोर बिशप असो की बापू, हिशेब तोच.

थोडी सावधगिरी. हे प्रयोग बहुतेक अमेरिकन तरुण पुरुषांवर झालेत. पुलगाव-नागपूर गाडीतल्या मुलीला ते किती लागू पडतात हा प्रश्न रास्त आहे. शिवाय ठामपणे उभं राहणं आणि दुसऱ्याला हिणवणं यात फरक आहे, तो कुठलाही प्रयोग शिकवत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. ते आजारी असूनही गेले आणि मराठीत, मराठीबद्दल बोलले. साहित्य महामंडळही मागे हटलं नाही. साथीदार संस्थाही असू शकते.

माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलं होतं: डब्याबद्दल कुणी विचारलं तर 'नाताळचा' किंवा 'ईस्टरचा' म्हणायचं. पुढचं पुढे. ईस्टरनंतर परतताना तसं झालं. एका मावशींनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, मग विचारलं की सारणात ओलं खोबरं घातलंय का सुकं. सुकं, म्हटलं, ओलं टिकत नाही. या वेळी समोर तो तांदळाच्या पोत्याचा विषय काढणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती अवघड अर्धी परीक्षा अजून व्हायचीच आहे. त्या वाक्यापुढे काय बोलायचं ते मी वहीत लिहून ठेवलंय. तीन वेळा खोडलंय.